बालकांच्या डोक्यावरील आघात

माळवदावरून पडलेले मूल रडून शांत झाले, म्हणजे संकट टळले असे घरच्यांस वाटते. परंतु कवटीच्या आत रक्त साचू लागले, तरी काही वेळा मूल काही तास पूर्ववत् खेळते आणि मग गुंगीत जाते. ही फसवी शांतता वैद्यकाचा जुना वैरी होय.

१९४९ साली डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोर येथे भारतातील पहिला मेंदू-शस्त्रक्रिया विभाग सुरू केला. त्या काळी हैदराबाद राज्यात असलेल्या चिटगुप्प्याहून तो शेकडो मैल दूर होता. १९७१ मध्ये लंडनला सी.टी. यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र घेतले. तरीही १९७४ मध्ये ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी शुद्धी मोजण्यास साधीच लक्षणे निवडली: डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल. एकूण गुण ३ ते १५. तान्ह्या मुलाच्या बाबतीत बोलण्याऐवजी हुंकार व रडण्याची तऱ्हा पाहतात.

वारंवार उलट्या, वाढती गुंगी, झटके, डोळ्यांच्या लहानमोठ्या बाहुल्या, नाकाकानांतून रक्त वा पाणी, यांपैकी एकही लक्षण दिसताच मान न हलू देता बालकास तत्काळ रुग्णालयात न्यावे. यंत्र शहरात असते. पहिली पाहणी मात्र घरच्यांनाच करावी लागते.