वायफाय सांगेल ते ऐकायचं का? डीएचसीपीची चाळीस वर्षांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे लोकलमध्ये चढल्यावर इअरफोन घरी राहिल्याचं लक्षात आलेले आहेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना मी जिथे भरकटलो ते थोडं छाटलंय. सगळं नाही.

आजचा विषय आत्ता तुमच्या खिशात चालू आहे. फोन एखाद्या नव्या वायफायला जोडलात, पासवर्ड टाकला, 'कनेक्टेड' असं आलं. मधे गेला जेमतेम एखादा सेकंद. त्या सेकंदात तुमच्या फोनने कुणाचं तरी ऐकून बऱ्याच गोष्टी मान्य करून टाकल्या. तुझा पत्ता हा. बाहेर जायचं दार ते. वेबसाइटचं नाव कळलं नाही तर या सर्व्हरला विचार. हे सगळं किती तास चालेल, तेही ठरलं. तुम्हाला कुणी विचारलं का? नाही. आणि सांगणारा कोण होता, हे फोनने तपासलं का? तेही नाही.

एसटी स्टँडवर उतरून कुणी मोठ्याने विचारतं बघा, "अहो, कोल्हापूरची गाडी कुठे लागते?" आणि जो पहिला हात दाखवेल त्या दिशेने चालू लागतं. फोन अगदी हेच करतो. यालाच म्हणतात डीएचसीपी. आता असं भाबडं काहीतरी कुणी आणि का बनवलं, ही आजची गोष्ट.

सुरुवात १९८० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात होते. तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरचा नेटवर्कचा पत्ता माणूस हाताने भरायचा. अ‍ॅडमिनकडे एक यादी असायची, कुठल्या मशीनला कुठला नंबर दिला त्याची. मशीनं थोडी होती तोवर चाललं. पण त्याच काळात विद्यापीठांत डिस्क नसलेली वर्कस्टेशनं आली. डिस्क महाग, म्हणून मशीनमध्ये ठेवायचीच नाही, सगळं नेटवर्कवरून घ्यायचं. आता गंमत बघा. डिस्क नाही, म्हणजे स्वतःचा पत्ता लिहून ठेवायला जागाच नाही. मशीन चालू झालं की त्याला फक्त नेटवर्क कार्डावर कोरलेला हार्डवेअर नंबर ठाऊक. जागं झाल्यावर "मी कोण?" असं विचारण्यापासून सुरुवात.

पहिलं उत्तर जून १९८४ मध्ये आलं. स्टॅनफर्डच्या चौघांनी रार्प नावाची पद्धत लिहिली. ती फक्त पत्ता सांगायची, आणि तेही एकाच केबलच्या हद्दीत. सप्टेंबर १९८५ मध्ये बूटपी आली. स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी ती लिहिली. ही बरीच हुशार होती. पत्त्याबरोबर कुठल्या सर्व्हरवरून कुठली फाइल घेऊन सुरू व्हायचं, हेही ती सांगायची, आणि राउटर ओलांडूनही चालायची. या निरोपात शेवटी ६४ बाइटची एक मोकळी जागा ठेवली होती. ज्या कंपनीला काही जास्तीचं सांगायचं असेल तिने ते तिथे लिहावं. फॉर्मच्या शेवटी 'इतर माहिती' म्हणून रकाना असतो ना, तसा. हा रकाना लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड त्यातूनच निघते.

(जाता जाता: हेच जॉन गिलमोर १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक झाले. इंटरनेटवरच्या खासगीपणासाठी भांडणारी ती संस्था.)

बूटपीतही अ‍ॅडमिनची यादी सुटली नव्हती. कुठल्या हार्डवेअर नंबरला कुठला पत्ता, हे आधीच भरून ठेवावं लागायचं. मग लॅपटॉप आले. आज इथे, उद्या तिथे. यादी कोण सांभाळणार? अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातले राल्फ ड्रोम्स यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपीचा मसुदा प्रसिद्ध केला. नवी कल्पना अशी की पत्ता कायमचा द्यायचाच नाही, भाड्याने द्यायचा. आपल्याकडे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करतात, तसंच. फक्त इथे मुदत तासांत मोजतात. मुदत निम्मी सरली की फोन गुपचूप नूतनीकरण मागतो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. मुदतीत जागा सोडून गेलात तर ती दुसऱ्याला.

बोलणं चार वाक्यांचं. "कुणी आहे का?" "आहे, हा घे पत्ता." "बरं, हाच घेतो." "दिला." एवढंच. पहिलं वाक्य सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारलेलं असतं, आणि बहुतेक उपकरणं ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं मान्य करतात.

१९९४ मध्ये विंडोज एनटी ३.५ सोबत डीएचसीपी सर्व्हर आला. पुढच्या वर्षी विंडोज ९५ च्या आत क्लायंट बसलेलाच होता. मग ऑफिसं, कॉलेजं, घरातले राउटर, कॅफे, सगळीकडे हेच. मुंबई सेंट्रल स्टेशनवर जानेवारी २०१६ मध्ये गुगल आणि रेलटेलने फुकट वायफाय सुरू केलं. तिथे लाखो लोकांनी एकही सेटिंग न भरता फोन जोडले, ते याच भाडेकरारामुळे. मला विचाराल तर इंटरनेट सामान्य माणसापर्यंत पोचलं त्यात ब्राउझरइतकाच या चार वाक्यांचा वाटा आहे. आजीला सबनेट मास्क भरायला लावला असता तर तिने फोन परत दिला असता, आणि बरोबरच केलं असतं.

आता तो 'इतर माहिती'चा रकाना. डीएचसीपीने तो जवळजवळ पाचपट मोठा केला आणि प्रत्येक सूचनेला नंबर दिला. त्यांना ऑप्शन म्हणतात. तीन म्हणजे बाहेर जायचा राउटर. सहा म्हणजे डीएनएस, नावांची डिरेक्टरी. ५१ म्हणजे भाड्याची मुदत. ४२ म्हणजे घड्याळ कुणाकडून लावायचं. नंबर एका बाइटचा, म्हणजे अडीचशेच्या आसपास सूचना बसतात. फोन जाताना "मला या या गोष्टी सांगा" अशी यादी देतो, पण सर्व्हर न मागितलेलंही पाठवू शकतो. ते घ्यायचं की नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

हे लिहिणारे बावळट नव्हते, हे मुद्दाम सांगतो. मार्च १९९७ मध्ये आलेल्या सुधारित दस्तऐवजात सुरक्षेचा विभाग आहे. आहे त्या रूपात ही पद्धत बरीच असुरक्षित आहे, आणि खोटा सर्व्हर कुणीही सहज उभा करू शकतो, हे त्यात सरळ कबूल केलंय. २००१ मध्ये निरोपांवर सही करायची सोयही लिहिली गेली. पण सही तपासायला आधी एक गुप्त किल्ली दोघांकडे हवी. अनोळखी कॅफेत पहिल्यांदाच शिरलेल्या फोनकडे ती कुठून येणार? म्हणून ती सोय कागदावरच राहिली म्हटलं तरी चालेल.

खोटा सर्व्हर दर वेळी कुणी मुद्दाम उभा करतं असंही नाही. आमच्या हॉस्टेलवर एका मुलाने नवा राउटर आणला आणि भिंतीतली केबल चुकीच्या भोकात घातली, वॅनऐवजी लॅनमध्ये. झालं! राउटर अख्ख्या मजल्याला प्रेमाने पत्ते वाटायला लागला. अर्ध्या मजल्याचं इंटरनेट गेलं, अर्ध्याचं चालू. कोण आधी उत्तर देतं त्यावर नशीब. त्याच आठवड्यात प्लेसमेंटचे फॉर्म भरायचे होते, त्यामुळे वातावरण कसं होतं ते विचारू नका. शेवटी एका सिनियरने हार्डवेअर नंबरच्या पहिल्या अर्ध्या भागावरून राउटरची कंपनी ओळखली आणि खोली-खोली फिरून तो शोधला. तिसऱ्या संध्याकाळी.

पण मुद्दाम करणारेही होतेच. डीएनएस-चेंजर नावाचं मालवेअर कॉम्प्युटरचं डीएनएस बदलायचं, म्हणजे तुम्ही नाव बरोबर टाइप करणार आणि पोचणार भलतीकडेच. डिसेंबर २००८ मध्ये त्याची एक आवृत्ती सापडली, ती जास्त चलाख. एका मशीनमध्ये शिरायची आणि ते मशीन डीएचसीपी सर्व्हर असल्याचं नाटक करायची. बाजूचे कॉम्प्युटर अगदी स्वच्छ, अँटिव्हायरसला काही सापडणार नाही, पण डीएनएस मात्र चोरांचं! नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयच्या कारवाईत एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. शंभराहून जास्त देशांत ४० लाखांवर कॉम्प्युटर बाधित होते. त्यांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर एवढ्या लोकांचं इंटरनेटच गेलं असतं. म्हणून कोर्टाच्या आदेशाने त्याच पत्त्यांवर चांगले सर्व्हर बसवले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले. चोराने लावलेल्या पाट्या पुसता येईनात, म्हणून त्या पाट्यांच्या टोकाला सरकारी माणूस उभा केला, असं समजा.

पुढची पायरी सप्टेंबर २०१४ मधली. शेलशॉक आठवतंय? बॅश शेलमधली ती चूक. लिनक्सवरचा डीएचसीपी क्लायंट ऑप्शनमधला मजकूर घ्यायचा आणि एका स्क्रिप्टच्या हातात द्यायचा. म्हणजे 'इतर माहिती'च्या रकान्यात कुणी आज्ञा लिहिली तर ती थेट चालायची, तीही अ‍ॅडमिनच्या अधिकाराने. मे २०१८ मध्ये रेड हॅटच्या एका स्क्रिप्टमध्ये जवळपास तसंच भोक पुन्हा सापडलं. गुगलच्या फेलिक्स विल्हेल्म यांनी ते शोधलं, आणि हल्ल्याचा अख्खा कोड एका ट्वीटमध्ये मावत होता.

आणि आता मला सगळ्यात जास्त खटकलेलं प्रकरण. ६ मे २०२४ रोजी लेव्हायथन सिक्युरिटीच्या संशोधकांनी टनेलव्हिजन जाहीर केलं. ऑप्शन १२१ नावाची सूचना २००२ पासून आहे. "या पत्त्यांकडे जायचं तर या रस्त्याने जा" असं ती सांगते. ऑफिसांत कामाची. पण व्हीपीएन लावलेला असतो तेव्हा काय होतं? व्हीपीएन म्हणतो, सगळं माझ्या बोगद्यातून न्या. आणि नेटवर्कचा जुना नियम असा की जो रस्ता जास्त नेमका सांगितलाय तो आधी. मग खोट्या सर्व्हरने नेमके रस्ते सांगितले की ट्रॅफिक बोगद्याच्या बाहेरून जातं. व्हीपीएनचं अ‍ॅप मात्र 'कनेक्टेड' दाखवत राहतं, कारण बोगदा खरंच चालू असतो, फक्त रिकामा. एचटीटीपीएसमुळे मजकूर वाचता येत नाही, पण तुम्ही कुठे जाताय ते दिसतं. कुणाला वाटेल, त्यात काय? ज्या पत्रकाराने आपला स्रोत लपवायला व्हीपीएन घेतलाय, त्याच्यासाठी तेवढंच पुरेसं आहे.

विंडोज, मॅक, लिनक्स, आयफोन सगळे यात आले. अँड्रॉइड वाचलं, कारण त्यात ऑप्शन १२१ कधी घातलंच नव्हतं. याला दूरदृष्टी म्हणायचं की आळस, ते तुम्ही ठरवा.

मग न ऐकण्याची सोय कुठे आहे? लिनक्सवर जुन्या डीएचक्लायंटच्या फाइलमध्ये ती पहिल्यापासून होती. 'रिक्वेस्ट'मध्ये काय मागायचं ते लिहायचं. 'सुपरसीड' म्हणजे सर्व्हर काहीही म्हणो, माझंच खरं. 'प्रीपेंड' म्हणजे माझं आधी, त्याचं नंतर. आणि 'रिजेक्ट' म्हणजे या पत्त्यावरच्या सर्व्हरचं ऐकूच नको. त्याच्या मॅन्युअलमध्ये वर सल्लाही दिलाय की हा शेवटचा उपाय, त्यापेक्षा तो बिघडलेला सर्व्हर शोधून दुरुस्त करा. (आमचा सिनियर नकळत मॅन्युअलप्रमाणेच वागला होता!) आयएससीने २०२२ मध्ये हे सगळं सॉफ्टवेअर निवृत्त केलं. आता ग्नोमच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस आणि रूट्स या दोघांसमोर 'ऑटोमॅटिक'चं वेगवेगळं बटण असतं. पत्ता घ्या, बाकीचं नाकारा. मात्र रस्ते नाकारले तर काही ऑफिसांत अर्ध्या गोष्टी उघडणार नाहीत, तेव्हा बघून.

आयपीव्ही६ मध्ये तर विचारावंही लागत नाही. राउटर स्वतःहून घोषणा करत असतो आणि मशीन ऐकतात. लिनक्समध्ये त्यासाठी 'अ‍ॅक्सेप्ट आरए' नावाची किल्ली आहे, शून्य केली की कान बंद. तो वेगळा भाग होईल, आज नको.

फोनवर सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे अँड्रॉइड ९ पासूनचं 'प्रायव्हेट डीएनएस'. तिथे विश्वासातल्या सेवेचं नाव टाकलं की वायफायने सांगितलेली डिरेक्टरी बाजूला पडते, आणि प्रश्न जातात तेही कुलूपबंद. स्टेशनवर किंवा हॉटेलात लॉगिनचं पान उघडलं नाही तर तेवढ्यापुरतं ते 'ऑटोमॅटिक' करा आणि नंतर परत लावा. आयफोनवर त्या वायफायच्या नावासमोरच्या 'आय'वर टॅप केलं की खाली 'कॉन्फिगर डीएनएस' सापडेल. ते फक्त त्या एका वायफायपुरतं असतं.

रेकॉर्डिंगच्या वेळी मित्राने विचारलं, मोबाईल डेटावरही असंच होतं का? नाही. तिथे पत्ता ऑपरेटरचं नेटवर्क जोडणी करतानाच देतं. ओरडून विचारणं नाही, त्यामुळे शेजारच्या सीटवरचा माणूस मधे उत्तर देऊ शकत नाही. पण तुम्ही मित्राला हॉटस्पॉट देता ना, तेव्हा त्याचा फोन "कुणी आहे का?" म्हणून ओरडतो, आणि "आहे" म्हणणारा डीएचसीपी सर्व्हर तुमच्याच खिशात असतो. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटवर बरीच वर्षं १९२.१६८.४३ ने सुरू होणारे पत्ते मिळायचे, ते तिथूनच.