सातारा आणि सांगली : एका जिल्ह्याचे दोन जिल्हे

सातारा आणि सांगली हे आज पुणे विभागातील स्वतंत्र जिल्हे आहेत. पूर्वी तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. सांगली, मिरज, जत दक्षिणेत आले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. आज साताऱ्यात ११, तर सांगलीत १० तालुके आहेत.

आपल्याला हा इतिहास कागदपत्रांसाठीही हवा. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्धांकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर तासगावपुढे ‘जिल्हा सातारा’ असेल, तर ती चूक नव्हे. जुने कागद जपून ठेवा, एवढेच आम्ही सांगतो.