मरहूम हमजमात

गेल्या वर्षी आमचा बी.एड.चा एक वर्गमित्र वारला. उर्दूत वर्गमित्राला 'हमजमात' म्हणतात. शाळेत ताजियती जलसा झाला आणि आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. 'नेक होता, मनमिळाऊ होता, अल्लाह मगफिरत करो,' एवढे बोलून आम्ही खाली बसलो. घरी जाताना मनाला फार लागले. हे तर कोणाच्याही मय्यतीला म्हणता आले असते. ज्याच्या शेजारी वर्षभर बसलो त्याच्याविषयी आमच्याकडे इतकेच होते काय?

त्या दिवसांत आम्हाला दिल्लीच्या दोन हमजमातांची आठवण झाली. मौलवी नझीर अहमद आणि मौलवी जकाउल्लाह. नझीर अहमद यांचे नाव उर्दू शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. जकाउल्लाह मात्र आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहेत.

दोघे जुन्या दिल्ली कॉलेजचे विद्यार्थी. अजमेरी दरवाजाजवळच्या गाजीउद्दीन मदरशाचे 1825 साली सरकारी कॉलेज झाले. पुढे तेथे इंग्रजीचे वर्ग सुरू झाले, परंतु या कॉलेजचे खरे नवल दुसऱ्या बाजूला होते. अरबी-फारसी शिकणाऱ्या मुलांना तेथे गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवीत. पुस्तके नव्हती, म्हणून 1840 च्या दशकात शिक्षक आणि विद्यार्थी मिळून तर्जुमे करीत. गणिताचे उस्ताद होते मास्टर रामचंद्र. त्यांचा गणितावरील ग्रंथ 1850 साली कलकत्त्यात छापला गेला आणि 1859 साली डी मॉर्गन या नामांकित इंग्रज गणितज्ञाने तो लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करविला. जकाउल्लाह हे या हिंदू घरात जन्मलेल्या आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या उस्तादाचे लाडके शागिर्द. नझीर अहमद बिजनौरकडून आलेले, मशिदीत राहून घरोघरच्या रोट्या गोळा करून शिकलेले. वडिलांचा इंग्रजीला सक्त विरोध, म्हणून ते अरबीच्या वर्गात राहिले. त्याच काळात 'आब-ए-हयात'चे कर्ते मुहम्मद हुसेन आझाद हेही त्या कॉलेजात होते.

मग 1857 आले. कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले आणि प्राचार्य टेलर मारले गेले. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर आझादांचे वडील, 'दिल्ली उर्दू अखबार'चे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांना ठार केले. आझाद भटकत शेवटी लाहोरला पोहोचले. जकाउल्लाह यांच्या कुटुंबालाही घरदार सोडून शहराबाहेर पडावे लागले. एका वर्गाची अशी पांगापांग झाली.

पुढे नझीर अहमद यांनी इंडियन पीनल कोडच्या उर्दू तर्जुम्यात काम केले, 1869 साली 'मिरात-उल-उरूस' लिहिली, हैदराबाद संस्थानात नोकरी केली. जकाउल्लाह शिक्षण खात्यात गेले आणि नंतर अलाहाबादच्या म्योर कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांनी गणिताची किती तरी पुस्तके उर्दूत आणली, हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिला. ज्ञान मातृभाषेतूनच रुजते, हे त्यांचे आयुष्यभराचे म्हणणे. इंग्रजी राज्यावरचा त्यांचा विश्वास मात्र आमच्या गळी उतरत नाही. ज्या राज्याने आपले शहर उजाड केले त्याच राज्याच्या राणीचे चरित्र त्यांनी मनापासून लिहिले. हेही सांगितले पाहिजे. मरहूमाची फक्त खूबी सांगितली तर माणूस हाती लागत नाही.

1910 च्या जानेवारीत आझाद गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जकाउल्लाह. नझीर अहमद तेव्हा वृद्ध झाले होते. त्यांनी आपल्या हमजमाताची आठवण लिहिली आणि 1912 साली तेही गेले. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजातील सी. एफ. अँड्र्यूज यांची दोघांशीही दोस्ती होती. त्यांनी 1929 साली जकाउल्लाह यांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले, त्याच्या आरंभी ही आठवण आहे. मातृभाषेसाठी झटलेल्या माणसाची ओळख आज जगाला मुख्यतः इंग्रजी पुस्तकातून होते, हे वाचताना उर्दूच्या शिक्षकाची मान थोडी खाली जाते.

या कहाणीचा धागा आपल्या मराठवाड्यापर्यंत आला आहे. उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग उर्दूतून चालावेत म्हणून हैदराबादेत दार-उल-तर्जुमा स्थापन झाले. त्याचे प्रमुख म्हणून ज्यांनी काम केले ते मौलवी इनायतुल्लाह जकाउल्लाह यांचेच पुत्र. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे ठाणे होते. तेथे असताना मौलवी अब्दुल हक यांनी 1930 च्या दशकात दिल्ली कॉलेजचा इतिहास लिहिला. नाव ठेवले 'मरहूम देहली कॉलेज'. माणसासाठी वापरायचा शब्द त्यांनी एका कॉलेजला लावला. माणसे जातात तसे वर्गही जातात, आणि त्यांनाही कोणी तरी आठवावे लागते.

इतिहासकाराला पदव्या मिळतात, पुस्तकांची यादी मिळते. तो बाकावर कसा बसायचा, कोणत्या उस्तादासमोर त्याचे डोळे चमकायचे, हे हमजमातच सांगू शकतो. त्याने सांगितले नाही तर ते त्याच्याबरोबरच दफन होते.

म्हणून जलशात जे बोललो नाही ते येथे लिहितो. आमचा मित्र गणित शिकवायचा. अपूर्णांकाच्या पहिल्या तासाला तो फळ्याच्या एका बाजूला 'शुमार कुनिंदा, नसबनुमा' लिही आणि दुसऱ्या बाजूला 'अंश, छेद'. एवढ्यावरून आमचे कडाक्याचे भांडण झाले होते. आमचे म्हणणे, उर्दूच्या तासाला उर्दूच असू द्या. तो म्हणे, 'पोरगा उद्या बाजूच्या कॉलेजात जाईल, तिथे मराठी शब्द ऐकून गप्प बसेल. त्याला दोन्ही दारे उघडी पाहिजेत.' आम्ही मान्य केले नाही. तो हयात असताना तरी नाही.

परवा आम्ही सातवीच्या वर्गात शिरलो, खडू उचलला आणि फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली.