डोक्याला कुत्रं चावलं? जखम बारकी असली तरी तिसरी कॅटेगरी

मोठ्या माणसाला कुत्रं पोटरीला धरतं. लहान लेकरू उंचीनं कुत्र्याच्या तोंडाबरोबर असतं, त्यामुळं वस्तीवर, उसाच्या फडात खेळणाऱ्या पोरांना चावा बसतो तो डोक्याला, कानाला नाहीतर गालाला. रक्त दोन थेंब येतं, खपली धरते आणि घरचे म्हणतात, "बारकंच लागलंय."

डोक्याच्या बाबतीत हा हिशोब चालत नाही. रेबीजचा विषाणू चेतातंतूंमधून मेंदूकडं सरकतो. डोकं, चेहरा, मान इथं चेतातंतूंचं जाळं दाट असतं आणि मेंदूही जवळ. म्हणून इथला चावा आकार न बघता तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर कॅटेगरीत धरायचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजवर उपाय उरत नाही.

पहिलं काम घरीच. नळाखाली किंवा तांब्यानं पाणी सोडत साबण लावून जखम १५ मिनिटं धुवायची, घड्याळ बघून. पोर रडतं म्हणून दोन मिनिटांत आटपू नये. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही. जखमेची आग वाढते आणि डॉक्टरला नीट दिसतही नाही. केसांत दुसरा दात लागलेला असतो आणि तो हमखास राहून जातो. केस बाजूला करून सगळं डोकं, कानामागंसुद्धा चाचपून बघा. अगदी लहान पोराच्या कवटीचं हाड पातळ असतं, मोठ्या कुत्र्याचा दात हाडापर्यंत जाऊ शकतो. उलटी होत असेल, पोर पेंगत असेल तर १०८ ला फोन करून मोठं रुग्णालय गाठावं.

दवाखान्यात दोन गोष्टी लागतात, आणि गफलत इथंच होते. लस दंडात दिली की काम झालं असं लोक समजतात. पण लसीनं अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तोवर जखमेतच विषाणू अडवायला सिरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन लागतं. घोड्याचं सिरम वजनाच्या किलोमागं ४० युनिट, माणसाचं २० युनिट. १५ किलोच्या पोराला घोड्याचं ६०० युनिट झालं. ते जखमेत आणि भोवती टोचतात. पहिल्या लसीबरोबरच द्यावं, राहिलं असेल तर सातव्या दिवसापर्यंत देता येतं. लस मिळते तिथं सिरम असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. पूर्वी लसीचा पूर्ण कोर्स झालेल्याला सिरम लागत नाही, लसीचे दोन डोस पुरतात.

टाका शक्यतो घालत नाहीत. चेहऱ्यावर घालावाच लागला तर आधी सिरम, मग सैल टाका. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गरजेप्रमाणं अँटिबायोटिक वेगळं.

कातडीत देतात त्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. शून्य म्हणजे पहिली लस दिली तो दिवस, चावल्याचा नव्हे. पोटात चौदा इंजेक्शनं देण्याचा काळ गेला, ती जुनी लस देशात २००४च्या अखेरीस बंद झाली. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत.

आता केसपेपर. 'डॉग बाइट' एवढंच लिहून देतात, ते पुरेसं नाही. जागा, कॅटेगरी, सिरम दिलं का, तारखा एवढं लिहून घ्या. विम्याच्या कागदाला आयसीडी-१० कोड लागतो. डोक्याच्या उघड्या जखमेला एस ०१ : टाळूच्या कातडीला एस ०१.०, नाकाला ०१.२, कानाला ०१.३, गालाला ०१.४. नुसतं वरवर खरचटलं असेल तर एस ००. हा कोड जखमेची खोली सांगतो, रेबीजची कॅटेगरी नाही. एस ०० लिहिलं म्हणून सिरम टाळता येत नाही. कारणाचा कोड वेगळा लागतो : कुत्र्याला डब्ल्यू ५४, मांजर-माकडाला डब्ल्यू ५५. रेबीजशी संपर्क आल्याचा कोड झेड २०.३. ए ८२ मात्र प्रत्यक्ष रेबीज झालेल्या रुग्णाचा आहे. तो चुकून पडला असेल तर कागद हातात घेतानाच दुरुस्त करून मागा.