कोळशाचा डबा आणि पेट्रोलची वाफ

इंजिन बंद करून मोटारसायकल उन्हात उभी केली, की तिच्यापासून हवेला होणारा उपद्रव थांबला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पेट्रोल सहज उडून जाणारे. टाकी तापली की त्याची वाफ होते आणि टाकीत हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या वाटेने ती बाहेर पडते. ही वाफ अडवणारा कोळशाचा एक लहानसा डबा हल्लीच्या बहुतेक गाड्यांत असतो. गॅरेजांतून त्याला ‘कॅनिस्टर’ म्हणतात, आणि कित्येक हौशी चालक तो अडगळ समजून काढून टाकतात. तो तेथे आला कसा, हे पाहण्यासारखे आहे.

१९४३ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर असे धुरके पसरले, की माणसांचे डोळे चुरचुरू लागले. युद्धाचे दिवस, शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका काहींना आली. पुढे कृत्रिम रबराच्या एका कारखान्यावर ठपका आला. तो बंद ठेवला, तरी धुरके हटेना.

या कोड्याचा उलगडा केला तो आरी हागेन-स्मित यांनी. हॉलंडमधील उट्रेख्टचा हा रसायनशास्त्रज्ञ पॅसाडेनाच्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अननसाच्या सुगंधाचे पृथक्करण करीत होता. तीच रीत त्यांनी शहराच्या हवेस लावली. न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाश पडला, की ओझोन तयार होतो व त्यातून हे धुरके जन्मते, असे त्यांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले. ओझोनने रबराला भेगा पडतात. म्हणून वाकवलेल्या रबरी पट्टीला तडा जाण्यास किती वेळ लागतो, यावरून ते ओझोन मोजीत. किती साधे साधन! तेल व्यवसायाच्या तज्ज्ञांनी त्यांचे म्हणणे बराच काळ मानले नाही. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वायुसंपदा मंडळाचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

वाफेला पाश लावण्याचे नियम कॅलिफोर्नियात मोटारींना १९७० पासून, आणि साऱ्या अमेरिकेत १९७१ पासून लागू झाले. उपाय जुनाच निघाला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत कोळसा भरीत, आणि १९१८ मध्ये अमेरिकेत त्यासाठी फळांच्या आठळ्या व नारळाच्या करवंट्या गोळा केल्या गेल्या. त्याच जातीचा सच्छिद्र कोळसा आता पेट्रोलची वाफ धरून ठेवू लागला. इंजिन सुरू झाले, की त्याच्या ओढीने बाहेरची हवा कोळशातून खेचली जाते, अडकलेली वाफ सुटते आणि सिलिंडरात जाऊन जळते.

मोटारसायकलींवर कॅलिफोर्नियात हे बंधन १९८३ पासून आले. मात्र इतर राज्यांत तेच वाहन डब्याविना विकले जाई. शेजारच्या राज्यात गाडी याविना धावते, मग आपल्याच माथी हे ओझे का, असा प्रश्न मालकांस पडला. डबा काढण्याची चाल बरीचशी येथूनच रुजली. भारतात दुचाकींच्या वाफेवर मर्यादा आली ती भारत-स्टेज चारच्या नियमांनी. १ एप्रिल २०१७ पासून ते सर्व नव्या दुचाकींना लागू झाले, आणि २०२० मध्ये स्टेज सहाने ती मर्यादा आणखी आवळली.

चालकांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हे. टाकी काठोकाठ भरली तर पेट्रोल कोळशात शिरते आणि कोळसा निकामी होतो. नळी दुमडली तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल खाली उतरत नाही व गाडी मध्येच बंद पडते. पण दुमडलेली नळी सरळ करता येते, डबाही बदलता येतो. तो काढल्याने ताकद वाढते, ही समजूत मात्र निराधार आहे. उलट इंजिनाकडील तोंड नीट बुजवले नाही, तर तेथून नको ती हवा आत शिरते आणि गाडीची चाल बिघडते.

अमेरिकेत १९९० च्या दुरुस्तीने असा फेरफार खुद्द मालकालाही निषिद्ध ठरला. त्यापूर्वी ही बंदी कारखानदार, विक्रेते आणि दुरुस्ती करणारे यांच्यापुरती होती. भारतातही मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने वाहनातील नियमबाह्य फेरफारासाठी मालकास प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही शिक्षा होऊ शकतात. तपासणी केंद्रावर नळी लावून धूर मोजतात तो धुराड्याचा. टाकीतून निसटणारी वाफ तेथे मोजलीच जात नाही.