चढ नसलेली वाट

गेल्या शनिवारी ऑनकॉल माझ्याकडे नव्हता. (ज्यांना कळलं त्यांना कळलं!) सिएटलला येऊन दोन वर्षं झाली, पण इथल्या डोंगरांवर जायचं म्हटलं की अजूनही माझे गुडघे आधी बोलतात. म्हणून रूममेटला म्हटलं, आज चढ नसलेली वाट धरू. गॅस वर्क्स पार्कपासून बर्क-गिलमन ट्रेलवर निघालो.

वाट म्हणजे अगदी आळशी माणसासाठी केलेली. डांबरी, सपाट, कडेला ब्लॅकबेरीची झुडपं. बाबागाड्या ढकलणारे आईबाप, कुत्री, धापा टाकत पळणारे आजोबा आणि मागून 'ऑन युअर लेफ्ट' असं ओरडत जाणारे सायकलवाले. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी इमानदारीत डावीकडेच सरकलो होतो. पुढचं सांगत नाही.

तर मुद्दा असा की सिएटल हे भलतं चढउताराचं गाव आहे. मग ही एकच वाट मैलोन्‌मैल इतकी सपाट कशी? मी शिक्षणानं सिव्हिलवाला. कॅम्पसमध्ये आयटी कंपनीनं उचललं म्हणून जावा लिहितो, ते वेगळं. पण सर्व्हेइंगच्या तासाला ऐकलेलं एक वाक्य डोक्यात राहिलंय: वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. शंभर फुटाला एक-दोन फूट चढ आला तरी त्याचा जीव जातो. त्यामुळे रेल्वे काढणारा माणूस टेकडी खोदतो, खड्डा भरतो, तळ्याच्या काठाकाठानं वळसा घेतो, पण उतार हलका ठेवतो. ही वाट सपाट आहे कारण ती रेल्वेलाईन होती.

आणि ती रेल्वे निघाली अपमानातून. १८७३ साली नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीनं पश्चिम किनाऱ्यावरचं आपलं शेवटचं स्टेशन सिएटलला न देता शेजारच्या टकोमाला दिलं. त्या काळी रेल्वे न येणं म्हणजे गाव संपणं. सिएटलकर चिडले. १ मे १८७४ ला गावातली माणसं कुदळ-फावडी घेऊन निघाली आणि आपली स्वतःची रेल्वे खणायला लागली! डोंगर ओलांडून पलीकडे वाला वालाला जायचा बेत होता. ती रेल्वे कोळशाच्या खाणींपर्यंत पोचली, डोंगरापलीकडे काही गेली नाही.

मग १८८५ साली थॉमस बर्क नावाचे वकील (जज बर्क म्हणूनच ते ओळखले जात) आणि डॅनियल गिलमन यांनी आणखी काही जणांना घेऊन 'सिएटल, लेक शोअर अँड ईस्टर्न' ही कंपनी काढली. नाव बघा, लेक शोअर! तळ्याचा काठ हीच तर सपाट जागा. लाईन लेक वॉशिंग्टनच्या उत्तर टोकाला वळसा घालून पूर्वेला इसाक्वाच्या खाणींकडे गेली. त्या गावाचं नाव काही वर्षं चक्क गिलमन होतं. लाकूड आणि कोळसा भरपूर वाहिला, पण पैसा पुरला नाही. १८९० च्या दशकात ही कंपनी कुणाच्या हातात गेली असेल? ज्यांच्यावर रागावून ती काढली होती, त्याच नॉर्दर्न पॅसिफिकच्या!

असो. माझ्या मते खरी गोष्ट १९७१ ची आहे. आदल्याच वर्षी काही कंपन्यांचं विलीनीकरण होऊन बर्लिंग्टन नॉर्दर्न तयार झाली होती, आणि तिनं ही लाईन सोडून द्यायचं ठरवलं. आता विचार करा. शहरातून जाणारी, तळ्याकाठची, अरुंद पण लांबच लांब पट्टी, आणि ती मोकळी होणार. शेजारच्या बंगलेवाल्यांपैकी काहींना ती आपल्या अंगणात हवी होती. रस्ता झाला तर चोऱ्या होतील, घरांचे भाव पडतील, ही भीतीही होती. उलट बाजूला ज्यांना चालायचं होतं, ते त्या सप्टेंबरात लाईनवरून चालत मॅथ्यूज बीचवर जमले. शेवटी जमीन सार्वजनिक राहिली आणि १९७८ साली गॅस वर्क्सपासून केनमोरपर्यंत १२ मैलांची वाट खुली झाली.

चोऱ्यांचं काय झालं? शहराच्या इंजिनिअरिंग खात्यानं १९८७ मध्ये अभ्यास केला. गुन्हे वाढले नव्हते, आणि वाटेच्या जवळपासची घरं सरासरी ६ टक्के महाग विकली जात होती. आज जाहिरातीत 'ट्रेलजवळ' असं लिहून घर विकतात. (आमचं भाडं कशामुळे इतकं आहे ते इथे कळलं.)

पण एकदा जिंकलं म्हणजे झालं, असं नाही. पश्चिमेला बॅलर्डमध्ये जेमतेम दीड मैलाचा तुकडा कारखानदार आणि सायकलवाले यांच्या वादात दोन दशकांहून जास्त काळ लोंबकळतोय. आणि त्याच जुन्या रेल्वेचा लेक समामिशकाठचा भाग काउंटीनं १९९८ मध्ये घेतला, तर तिथले घरमालक २०१८ सालीही अपील कोर्टात भांडत होते. तोवर तर कायदाही झाला होता: १९८३ च्या दुरुस्तीप्रमाणे बंद लाईन पुढे कधी रेल्वे लागेल म्हणून अखंड ठेवायची, आणि तोपर्यंत लोकांनी तिच्यावर चालायचं. १९९० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तो मान्य केला. मला हे फार हुशारीचं वाटतं. पट्टी एकदा तुकड्यातुकड्यांनी विकली की पुन्हा जोडणं जवळजवळ अशक्य. डिलीट करण्याऐवजी आर्काइव्ह करणं म्हणतात ते हेच.

आम्ही मॅथ्यूज बीचवर पोचलो तेव्हा पाय दुखत होते, पण गुडघे नाही. बाकावर बसून डबा उघडला. बसल्याबसल्या मला आमची शकुंतला आठवली. मी यवतमाळचा. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज इंग्रजांच्या काळात कापसासाठी घातली. लहानपणी आजीबरोबर तिच्यातून गेलोय, ती इतकी हळू जायची की मी खिडकीतून बाभळी मोजायचो. गाडी बंद होऊन आता काही वर्षं झाली. तिकडे सकाळ व्हायची होती, तरी न राहवून बाबांना फोन लावला. ते पाचलाच उठतात.

"बाबा, आपल्या शकुंतलेची लाईन अजून आहे ना जागेवर?"

"आहे की. का रे?"

"जागा कुणी घेतली वगैरे नाही ना?"

बाबा जरा थांबले. "आज फिरायला जातो त्या बाजूला. बघून सांगतो."