भुलाबाईची गाणी कुणाच्या खात्यात?

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. कचेरीचा कारभार हिंदीत चालला. पांढुर्णा-सौंसरची मराठी टिकली ती घरात, भजनी मंडळात आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईत.

भुलाबाई-भुलोजी म्हणजे पार्वती-शंकर. मातीची जोडी, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, घरोघरी पोरींची गाणी आणि शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखायचा. गाण्यांतलं सासर-माहेर तेच, पण शब्द गावागणिक वेगळे. चूक-बरोबर ठरवणारं कुणी नव्हतं.

मग कॅसेटी आल्या, आता मोबाइलवर व्हिडिओ आहेत. रंगवलेला वाडा, नवी कोरी नऊवारी, सगळ्यांच्या नाकात सारखीच नथ, मध्येच मसाल्याची जाहिरात. दिसायला छान, नाही म्हणत नाही. पण गेल्या वर्षी आमची नात आजीला म्हणाली, "आजी, तू चुकीचं म्हणतेस, मोबाइलात असं नाही." आजी गप्प बसली. मला मात्र ते लागलं. सत्तर वर्षं हिंदी कारभारात टिकलेली चाल एका व्हिडिओने खोटी ठरवली!

बाजाराला मी नावं ठेवत नाही, जन्म बँकेत गेला आहे. शीतपेयाच्या कंपनीने पाकिस्तानात 2008 मध्ये आणि आपल्याकडे 2011 मध्ये कोक स्टुडिओ आणला. त्यातून कितीतरी लोककलावंतांचे आवाज दूरवर पोहोचले. कंपनीने पैसा लावला, तिचं नाव झालं. व्यवहार उघड होता.

माझा प्रश्न खात्याचा आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिलं. पण भुलाबाईच्या गाण्याचा गीतकार कोण? व्हिडिओखाली 'पारंपरिक' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे कवीच्या खात्यात शून्य, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते करणाऱ्याचा. तो हक्क कायदेशीर आहे, पण तो त्या मुद्रणापुरता, गाण्यावर नाही. गाणं आजही तुमचं-आमचं आहे, कुणीही म्हणावं.

म्हणून अस्सल काय, हे नऊवारीवरून ठरवू नका. हे कुणाकडून शिकलात, कोणत्या गावचं, असं विचारा. ज्याला सांगता येतं, त्याचं गाणं अस्सल, मग ते गाऊन घालून स्वयंपाकघरात म्हटलेलं का असेना.

5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. जिल्ह्याचं दफ्तर सरकार ठेवील, गाण्यांचं आपणच ठेवायचं. या कोजागिरीच्या आत घरातल्या आजीला, मावशीला, काकूला बसवा आणि मोबाइलवर आवाज भरून घ्या. सुरुवातीला तिचं नाव, माहेरचं गाव आणि साल तिच्याच तोंडून येऊ द्या. एवढी नोंद असली की पुढच्या नातीला कुणाचं ऐकायचं ते कळेल.